सह्यकोटचे तीनवार काका

तीनवार काका कायम ओरडत असायचे. म्हणजे कीबोर्डवर. आमच्या सह्यकोटच्या चौकात सगळे जण बारक्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि काका मात्र कॅप्स लॉक लावून. ‘चला चला, लोखंडाच्या वीस कांबी, माल समोर हाय, बघून घ्या.’ त्यांची ओळ पडद्यावर उमटली की बाकीच्यांचं बोलणं पुटपुटल्यासारखं दिसायचं. नवा कोणी आला की हमखास विचारायचा, ‘काका, ओरडता कशाला?’ उत्तर ठरलेलं असायचं, तेही मोठ्याच अक्षरांत: ‘हळू बोलून माल इकला जात नाय.’ अख्ख्या सर्व्हरवर त्यांच्याइतका मोठ्या आवाजाचा माणूस नव्हता. आणि त्यांना घशातून एक शब्दही काढता येत नाही, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

मला माहीत होतं, कारण तो सर्व्हर माझ्या टेबलाखाली होता. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावर आमचं केबल नेटचं ऑफिस होतं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी तिथे तक्रारी घ्यायला बसायचे. बाहेरचं इंटरनेट रडत-खडत चालायचं, पण गच्च्यागच्च्यांवरून आम्ही ओढलेल्या आमच्याच तारांवर, पंचवटीपासून नाशिक रोडपर्यंत, आतल्या आत सगळं सुसाट पळायचं. त्या तारांवर कॉलेजातल्या दोन मित्रांनी आणि मी एक खेळ उभा केला होता. फुकट मिळालेला परदेशी सांगाडा घेतला, राक्षस तेच ठेवले, डोंगर आणि किल्ला आपल्याकडचे केले आणि नाव दिलं सह्यकोट. मित्र नोकरीसाठी पुण्याला गेले आणि सह्यकोट माझ्या एकटीच्या गळ्यात पडला.

खेळ सोपा होता. कोणी खाणीत लोखंड खणायचं, कोणी त्याच्या कांबी करायचं, कोणी तलवारी घडवायचं, आणि धाडसी लोक त्या तलवारी घेऊन डोंगरातल्या राक्षसांवर चालून जायचे. तिथे मिळालेल्या मोहरा किल्ल्यासमोरच्या चौकात येऊन खर्च व्हायच्या. शंभर-दीडशे घरांतली माणसं खेळायची. एकमेकांची खरी नावं कोणाला ठाऊक नसायची; शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस दोन वर्षं आपला लोहार आहे, हेही कळायचं नाही.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी पांढरा लेंगा-शर्ट, टोपी आणि गळ्याशी पांढरा रुमाल बांधलेले एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. खिशातून घडी घातलेली चाळीस पानी वही काढली आणि माझ्यापुढे धरली. ‘नेट बंद हाय. दोन दिस झाले. पंचवटी.’ मी तक्रार लिहून घेतली. मग त्यांनीच रुमालाकडे बोट दाखवून लिहिलं, ‘घशाचं आपरेशन. आवाजाची पेटी काढली.’ पुढे त्यांच्या त्याच वहीतून हळूहळू कळत गेलं ते असं: अठ्ठावीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव पुकारला होता. कोथिंबीर, मेथी, शेपू, शेकडा जुडीचा भाव. संध्याकाळी ते पुकारायला उभे राहिले की आवाज यार्डाच्या फाटकाबाहेर ऐकू यायचा. आणि एके दिवशी तो आवाजच डॉक्टरांनी काढून घेतला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने घरी कॉम्प्युटर बसवून दिला होता, बाबांशी निदान लिहून तरी बोलता येईल म्हणून.

वही खिशात घालताना त्यांची नजर माझ्या पडद्यावर गेली. चौकातलं बोलणं भराभर वर सरकत होतं. कोणी तलवार विकत होता, कोणी कुदळ मागत होता, एकाच मालाचे तिघे तीन भाव सांगत होते. ते टेबलावर हात टेकून वाचतच राहिले. मग पुन्हा वही निघाली. ‘हे काय हाय?’

“खेळ आहे काका,” मी म्हटलं. “मुलं खेळतात.”

त्यांनी मान हलवली आणि सावकाश लिहिलं, ‘खेळ नाय म्याडम. बाजार हाय. आन लय वाईट चाललाय.’

मला हसू आलं. संध्याकाळी आमच्या माणसाने त्यांची तार जोडून दिली. दुसऱ्या दिवशी चौकात एक नवं नाव दिसलं: तीनवार. एक वार, दोन वार, तीन वार म्हणत बोली तोडणाऱ्या माणसाने दुसरं कुठलं नाव घेतलं असतं?

चार दिवस हा तीनवार चौकाच्या कडेला नुसता उभा होता. खाणीत जाईना, रानात जाईना. मी त्यांना एकट्यांना निरोप टाकला, ‘काका, खेळत का नाही?’ बऱ्याच वेळाने, एकेक अक्षर शोधत उत्तर आलं, ‘माल बघतोय.’ पाचव्या दिवशी ते बसने ऑफिसात हजर. वहीत पहिलाच प्रश्न होता, ‘भाव कोण ठरवतं?’ कोणीच नाही, ज्याला जो पटेल तो, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी लिहिलं, ‘म्हंजे नव्याला जुना लुटतो.’ ते खरंच होतं. नवा मुलगा दिवसभर खणून काढलेलं लोखंड दोन मोहरांना देऊन मोकळा व्हायचा आणि तेच लोखंड चौकाच्या पलीकडल्या टोकाला वीसला जायचं. माझ्या ते रोज डोळ्यांसमोर होतं, पण यात काही करता येतं हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

काकांनी लिलाव सुरू केला. रोज संध्याकाळी पाच वाजता, किल्ल्याच्या दारासमोर. नियम तीनच. माल आधी सगळ्यांना दिसेल असा मांडायचा. बोललेली बोली मागे घ्यायची नाही. आणि भाव पटला नाही तर विकणाऱ्याने बिनदिक्कत माल उचलून घरी न्यायचा. शंभर मोहरांमागे एक मोहर बाजाराची, आणि त्या मोहरांतून प्रत्येक नव्या माणसाला पहिली कुदळ फुकट. खेळात हे करायला कुठलंही बटण नव्हतं. सगळं केवळ बोलण्यावर चालायचं, म्हणजे काकांच्या त्या मोठ्या अक्षरांवर.

पहिल्या दिवशी चौकात तीन माणसं होती. त्यात रानजाई नावाची एक बाई. ती रानात फिरून औषधी मुळ्या गोळा करायची आणि कोणी घेत नाही म्हणून टाकून द्यायची. जखमा भरायला सगळे दुकानातल्या महागड्या बाटल्याच घ्यायचे. काकांनी तिच्या मुळ्यांचा ढीग चौकात मांडायला लावला आणि सुरुवात केली. ‘ह्या मुळीनं जखम भरती. तिकडं बाटलीला तीस मोजता, तीच जखम. हिला कोन बोलतं? पाचनं सुरू करतो. पाच. सहा कोन? तो तिकडचा ढालवाला, मघापासून बघतोय, बोल की गड्या.’ ढालवाला सहा बोलला. दुसरा आठ बोलला. तेवढ्यात रानातून येणारे दोघे गर्दी बघून थांबले आणि त्यांनीही बोली टाकली. तीन वार झालं तेव्हा मुळी चौदाला गेली होती.

‘एवढे?’ रानजाईने लिहिलं. ‘मी फेकून देणार होते.’

‘फेकायच्या आदी मला इचारत जा,’ काकांनी लिहिलं. ‘उद्या पाचला अजून आन.’

महिन्याभरात संध्याकाळी पाचला आमच्या तारांवर एवढी गर्दी व्हायला लागली की आमच्या शेठना वाटलं, काहीतरी बिघडलंय. सिडकोतल्या एका आईचा फोन आला, “अहो, ते पाच वाजताचं काय असतं? आमचा मुलगा क्लासला जात नाही.” काकांना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी चौकात जाहीर केलं, क्लास बुडवून येणाऱ्याची बोली धरली जाणार नाही. कोण क्लास बुडवतंय हे त्यांना कसं कळणार होतं? पण चार मुलं त्या दिवसापासून साडेसहालाच यायची.

काकांना फोन करता येत नसल्यामुळे तक्रारीचा फोन काकू करायच्या. “आमच्याकडं नेट गेलंय हो, आणि इथं पावणेपाच झालेत,” एवढंच सांगायच्या, आणि आमचा माणूस शिडी घेऊन पळायचा. एकदा त्याच फोनवर काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “ऑपरेशननंतर सहा महिने भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी बोलले तरी वही उघडायचे नाहीत. आता पाच वाजले की चहा ठेवला तरी कळत नाही. तेवढी तार बघा बाई लवकर.” त्या दिवशी शिडी घेऊन मी स्वतः गेले.

काकांच्या नजरेतून लबाडी सुटायची नाही. वाघनख नावाचा एक खेळाडू होता, हुशार आणि आगाऊ. तो स्वतःच्या तलवारी लिलावाला लावायचा आणि दुसऱ्याच एका नावाने येऊन त्यांची बोली चढवायचा. काकांनी एके दिवशी ऐन लिलावात बोली थांबवली. ‘वाघनख, तुझा माल उचल. तूच इकतो आन तूच घेतो.’ वाघनख भडकला, पुरावा मागायला लागला. काकांनी लिहिलं, ‘तू “घेतो” लिवताना दोन टी घालतो. हा दुसरा बी दोनच टी घालतो. बाकी सगळा चौक एक टी घालतो.’ अख्खा चौक हसत सुटला. वाघनख आठवडाभर फिरकला नाही. आला तेव्हा काकांनी काही झालंच नाही अशा थाटात त्याचा माल मांडून दिला.

पुढचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. उन्हाळा संपत आला होता आणि सह्यकोटात भाव चढायला लागले. दहा मोहरांची कांब चाळीसला गेली, मग शंभरला. काकांनी वहीत लिहून विचारलं, ‘मोहरा वाढल्यात का?’ मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी लिहिलं, ‘यार्डात कोथिंबिरीचा भाव चढला की मी आदी आभाळाकडं बघायचो, मग रस्त्याकडं. इथं ना आभाळ ना रस्ता. लोखंड तेवढंच, घेनारे तेवढेच. मग पैसाच वाढला. बघा जरा.’

मी बघितलं, आणि मोहरा खरंच वाढल्या होत्या. आमच्या तारा झाडांवरून आणि गच्च्यांवरून गेलेल्या, वारा सुटला की कनेक्शन तुटायचं. खेळातल्या आपल्या साठवणीच्या पेटीतल्या मोहरा थैलीत घेताना नेमकं कनेक्शन तुटलं, तर परत आल्यावर त्या पेटीतही असायच्या आणि थैलीतही. वाघनखाला हे आधी कळलं होतं. मग वाऱ्याची वाट कशाला बघायची? तो हातानेच वायर उपटायचा. त्याने चार मित्रांना सांगितलं, त्यांनी आणखी दहा जणांना. मी दोन दिवस खपून ती चूक दुरुस्त केली, पण खोट्या मोहरा तोवर खऱ्यांत मिसळून गेल्या होत्या. नव्या मुलांना साधी कांब घेता येईना. माणसं खेळ सोडायला लागली. शेवटी मी चौकात जाहीर केलं की सोमवारी सगळं पुसून सह्यकोट पहिल्यापासून सुरू करणार.

रानजाईने लिहिलं, ‘ठीक आहे. मग माझा रामराम. एवढं सगळं परत नाही होणार माझ्याने.’ तिच्या पाठोपाठ आठ-दहा जणांनी तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऑफिसात आले ते धाप लागलेल्या अवस्थेत, जिना भरभर चढून. उभ्या उभ्याच लिहिलं, ‘पुसू नका. खोट्या मोहरा काढा, मानसांची मेहनत कशाला काढता?’

“काका, खोट्या आणि खऱ्या वेगळ्या करता येत नाहीत.”

‘मंग सगळ्याच काढून घ्या. पन मानसांनी हौशीनं दिल्या पायजेत.’

“हौसेने कोण देईल?”

ते खुर्चीवर बसले. मी चहा मागवला. त्यांनी माझ्या पडद्यावर सह्यकोटचा नकाशा उघडायला लावला आणि चहा निवेपर्यंत तो बघत राहिले. आम्ही आळशीपणाने नकाशावर सगळीकडे नुसते आकडे टाकले होते. पूल तीन. विहीर सात. डोंगर एक. काकांनी त्यावर बोट आपटलं आणि लिहिलं, ‘ह्यांना नावं नाय?’ आणि मग त्यांचा हात थांबेचना. पुलांच्या, विहिरींच्या, डोंगरांच्या नावांचा लिलाव करायचा. जो घेईल त्याने ठेवलेलं नाव नकाशावर कायमचं. आलेल्या सगळ्या मोहरा तिथेच नष्ट. आणि अट एकच, स्वतःचं नाव देता येणार नाही.

“आणि कोणी बोलीच लावली नाही तर?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याचीच लाज वाटली. ‘म्याडम, लिलाव कोन पुकारतंय?’

रविवारी सकाळी अकराला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सोडून गेलेलेही बघायला आले होते. सर्व्हर तापायला लागला तेव्हा मी त्याचा पत्रा काढला आणि ऑफिसातला टेबल फॅन त्याच्या तोंडाशी लावला. शेठ सहज डोकावायला आले आणि माझ्या खुर्चीमागे उभेच राहिले. पहिल्यांदा काकांनी सगळ्यात लहान विहीर काढली. पाचशे. सातशे. हजाराला गेली. घेणाऱ्याने नाव दिलं, आजीची विहीर. मी टाइप केलं आणि त्याच क्षणी ते सगळ्यांच्या नकाशावर उमटलं. चौकात एकच गलका उडाला. मग पूल निघाला. तो वणीहून इथे शिकायला आलेल्या एका मुलाने घेतला आणि वणीचा पूल केला. मग बोल्या अशा धावायला लागल्या की मला ओळी वाचवेनात. काका मात्र एकही बोली चुकत नव्हते. दोन बोटांनी टाइप करणारा तो माणूस त्या दिवशी कसा लिहीत होता, मला आजही कळलेलं नाही.

शेवटी डोंगर एक निघाला, किल्ल्यामागचा सगळ्यात उंच. वाघनख आणि त्याचाच एक मित्र, दोघांकडे खोट्या मोहरांचे ढीग, एकमेकांना भिडले. चाळीस हजार. पन्नास. सत्तर. ‘दोन वार,’ काकांनी लिहिलं, आणि थांबले. ‘दोन वार. वारा सुटलाय बरं का. कनेक्शन जाईल, डोंगर जाईल. कोन हाय?’ वाघनखाने लिहिलं, ‘सगळ्या.’ त्याच्या थैलीत आणि पेटीत होत्या तेवढ्या सगळ्या. मित्र गप्प झाला. ‘तीन वार. डोंगर वाघनखाचा. नाव सांग.’

मग एकच शब्द आला: ‘पुष्पा.’

कोणीतरी चेष्टेने विचारलं, कोण रे ही? वाघनखाने लिहिलं, ‘आई. मागच्या वर्षी गेली.’

मग काकांची ओळ आली, ‘पुष्पाचा डोंगर. म्याडम, लिवून घ्या.’ मी लिहून घेतलं. माझ्यामागे शेठनी नाक ओढलं आणि ते सर्दी झाल्याचं सांगत बाहेर गेले. संध्याकाळच्या लिलावात कांब बारा मोहरांना गेली, आणि रानजाई मुळ्या घेऊन आली होती.

त्या रविवारनंतर सगळ्यांना एकमेकांना भेटायची ओढ लागली. आणि सगळ्यात जास्त ओढ काकांचा लिलाव प्रत्यक्ष ऐकायची. काकांनी साफ नकार दिला. मला एकटीला लिहिलं, ‘तिथं मी मुका. इथं बरा हाय.’ ठरल्या दिवशी सकाळी गंगापूर रोडला पुढे, मळ्यातल्या एका मिसळीच्या ठिकाणी आम्ही वीस-बावीस जण जमलो. वाघनख निघाला चष्मा लावलेला किडकिडीत इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. रानजाई सिडकोत राहणारी नर्स होती, पस्तिशीची, रात्रपाळी करून थेट तिकडेच आलेली. मिसळ पुढ्यात आली आणि मळ्याच्या फाटकातून काका येताना दिसले, सोबत काकू. काकूंनीच त्यांना तयार केलं असावं.

मी “हे तीनवार काका” एवढंच म्हटलं. पोरांनी गराडा घातला. “काका, एकदा पुकारा ना,” “एक वार तरी म्हणा,” असं सुरू झालं. रानजाईने मात्र गळ्याचा रुमाल बघितला आणि ती जागच्या जागी थांबली. तिला कळलं होतं. काकांनी वही काढून लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. ‘आवाज नाय. आता कळलं ना, तिथं का वरडतो?’

वाघनखाचे कान लाल झाले होते. तेवढ्यात रानजाईने टेबलावरचं ताट पुढे सरकवलं. “काका,” ती म्हणाली, “पापड एकच उरलाय आणि माणसं एवढी आहेत. काय करायचं?”

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग वही खिशात टाकली, पापड उचलला, बाकावर उभे राहिले आणि तो उंच धरून सगळ्या बाजूंना फिरवून दाखवला. माल आधी सगळ्यांना दिसला पाहिजे. मग एक बोट वर केलं आणि ओठ हलले. वाघनख त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, ओठांकडे बघत मोठ्याने म्हणाला, “एक ताक. एक ताकावर सुरू करतो. दोन कोण?” कोणी दोन ताक बोललं. कोणी दोन ताक आणि जिलबी. काकांची बोटं पाखरासारखी उडत होती, भुवया बोलत होत्या, आणि वाघनख घसा ताणून त्यांचं ओरडणं ओरडत होता. शेजारच्या टेबलावरचं एक अनोळखी कुटुंबही बोलीत उतरलं. शेवटी पापड सगळ्यांच्या चहावर गेला. ‘तीन वार’ला काकांनी हात खाली आपटला आणि अख्ख्या मळ्याने टाळ्या वाजवल्या. काकू पदर डोळ्यांना लावून हसत होत्या.

पुढची दोनेक वर्षं तशीच मजेत गेली. मग शेठनी धंदा एका मोठ्या कंपनीला विकला. नव्या लोकांनी मला बारा दिवसांत टेबलाखालचं ते यंत्र काढून टाकायला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात काकांचं दुखणं उलटलं. त्यांना दवाखान्यात हलवलं, हाताला सलाइन लागलं, टायपिंग बंद झालं. मी त्यांना दोन्ही गोष्टी एकदम कशा सांगणार? पण त्यांनीच वहीत विचारलं, ‘बाजार कसा हाय?’ मला खोटं बोलता आलं नाही. मग वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘शेवटच्या दिशी माल ठिवू नका. सगळा पुकारा.’

“काका, संध्याकाळी सहाला यंत्रच बंद होणार. त्या मालाला आता काय भाव?”

‘माल हाय, घेनारा हाय, टाइम हाय. अजून काय लागतं?’

शेवटच्या दिवशी लिलाव वाघनखाने पुकारला, मोठ्या अक्षरांत. तासाभरात नाहीशा होणाऱ्या तलवारींसाठी, ढालींसाठी माणसं जिवाच्या आकांताने बोली लावत होती. जुने, सोडून गेलेले, पुण्या-मुंबईला गेलेले, सगळे कुठून कुठून आले होते. मी सहाला बटण दाबलं. पण त्याआधी चौकातलं त्या दिवसाचं सगळं बोलणं ऑफिसातल्या खडखड्या प्रिंटरवर छापून घेतलं. सलग कागदाचा चांगला जाडजूड गठ्ठा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन मी दवाखान्यात गेले.

त्यानंतर महिन्याभरात काका गेले. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे. उशीला टेकून बसलेले, चष्मा नाकावर, मांडीवर तो गठ्ठा, हातात रानजाईकडून मागून घेतलेलं लाल पेन. ती त्याच दवाखान्यात ड्यूटीला होती आणि मधूनमधून येऊन कागदात डोकावून जात होती. काका प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत होते. एका ठिकाणी थांबून त्यांनी समासात लिहिलं, ‘घाई केली. अजून दोन बोल्या होत्या.’ दुसऱ्या ठिकाणी, ‘हे ब्येस.’ एका चुरशीच्या बोलीला त्यांनी पलंगाच्या दांडीवर असा हात मारला की शेजारचा पेशंट दचकून उठला. मग त्यांचे खांदे हलायला लागले; आवाज न करता ते हसत होते. शेवटच्या पानांवर रानजाईच्या मुळ्यांचा ढीग निघाला होता. तिच्याकडे बोट करून त्यांनी भुवया उडवल्या.

“कितीला गेल्या माहितीये का काका?” मी उत्साहाने सांगायला लागले. “अहो, शेवटी तर...”

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मग चष्मा नीट बसवला आणि पान उलटलं.